चाळिसावी कुत्री

आसावरी खाडिलकरला कुत्र्याचं हृदय आतून पाठ होतं. कुत्रं बाहेरून कसं दिसतं याच्याशी मात्र तिचा फारसा संबंध येत नसे, आणि तो येत नाही याचाच तिला अभिमान होता. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच, हे तिला पुढे कळलं. तोवर सालींचा ढीग पडला होता.

ती मूळची मिरजेची. नवरा राघव विमा कंपनीत अधिकारी. त्याची बदली जयपूरला झाली तशी हीही आली आणि तिथल्या झालाना भागातल्या एका खासगी पशुवैद्यक संशोधन संस्थेत लागली. राहायला गोपालपुऱ्यात. घराच्या खिडकीतून कोचिंग क्लासवाल्यांचे फलक दिसत आणि त्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे ओळीने लावलेले फोटो. आपलाही फोटो असा कुठेतरी लागायला हवा होता, असं तिला चाळिशी ओलांडल्यावरही अधूनमधून वाटत असे. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण राघवला ते ठाऊक होतं.

बारा वर्षांपूर्वी तिची पहिली नोकरी एका औषधांच्या प्रयोगशाळेत होती. तिथे कुत्र्याच्या हृदयाचा अभ्यास जुन्या पद्धतीने चाले. कुत्र्याला भूल द्यायची, छाती उघडायची, रक्तवाहिनीत नळी घालायची, वाहिनीभोवती रक्ताचा वेग मोजणारं कडं बसवायचं, औषध द्यायचं आणि आकडे घ्यायचे. संध्याकाळी आकडे पूर्ण होत आणि कुत्रंही संपे. आसावरीने तिथे नऊ महिने काढले. सकाळी न्यायला येणाऱ्या माणसाला पाहून पिंजऱ्यातली कुत्री शेपूट हलवत, ते तिला सोसेना. तिने राजीनामा दिला आणि प्रतिज्ञा केली की हृदयाचंच काम करीन, पण माझ्या कामापायी एकाही कुत्र्याचा जीव जाणार नाही.

प्रतिज्ञा चांगलीच होती. ती मनात ठेवली असती तर आणखी चांगली ठरली असती. पण आसावरीने ती ज्याला त्याला ऐकवली. राघवला तर ती कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातच ऐकावी लागली, तीही सगळ्यांसमोर, त्याच्या आईने 'स्वयंपाकाची आवड आहे का' असं विचारलेलं असताना. लग्न झालं ते या उत्तरामुळे की उत्तर असूनही, यावर घरात आजही एकमत नाही.

जयपुरात तिला ही प्रतिज्ञा खरी करून दाखवायची संधी मिळाली. सोनोग्राफीचं सुटकेसएवढं यंत्र घ्यायचं, कुत्र्याच्या छातीला थंडगार जेल लावायचं, वर प्रोब टेकवायचा. पडद्यावर हृदयाचे कप्पे उघडमीट करताना दिसतात, रक्त जवळ येतं तेव्हा लाल आणि लांब जातं तेव्हा निळं. कुत्र्याला फार तर गुदगुल्या होतात. तिला गल्लीतल्या गावठी कुत्र्यांच्या निरोगी हृदयाची मापं हवी होती, कारण तिच्या हाताशी असलेल्या पुस्तकांतले आकडे विलायती पाळीव कुत्र्यांचे होते. संस्थेच्या संचालक मधुमती माथुर मॅडमनी मंजुरी दिली आणि अट घातली. चाळीस कुत्री, प्रत्येक कुत्रं एकदाच, आणि काम जुलैअखेर पूर्ण. चाळीस झाली तर संस्थेतल्या पुढच्या प्रयोगांनाही हीच पद्धत वापरू, मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणजे चाकू नाही, पिंजरा नाही. आसावरीचा जीव त्या चाळीसच्या आकड्यात अडकला तो असा.

जयपूर शहरातली कुत्री हाताला लागेनात. पकडायच्या गाडीची त्यांना इतकी दहशत की बिस्किटांचा डबा उघडायच्या आत गल्ली रिकामी. मग कोणीतरी जयपूरजवळच्या बगरू गावाचं नाव सुचवलं. तिथल्या छापकामाच्या गल्ल्यांत कुत्री निवांत पडलेली असतात, माणसांना बुजत नाहीत. शिवाय तिथे देवराम होते. देवराम छीपा, साठी उलटलेले, लाकडी ठशांनी कापड छापण्यात जन्म गेलेला. रोज सकाळी पिशवीभर रोट्या घेऊन ते गल्लीतल्या कुत्र्यांना घालत. त्यांनी जीभ टाळूला लावून एक आवाज काढला की पाच-सहा कुत्री हजर होत. आसावरीला हा माणूस देवासारखा भेटला. तिने त्यांना सांगितलं की मी कुत्र्यांच्या हृदयाची डॉक्टर आहे, कुत्र्यांना काही त्रास होणार नाही, फक्त तपासायचं आहे. देवरामनी हात जोडले आणि कारखान्याची ओसरी मोकळी करून दिली.

आता पडद्याची गोष्ट. सोनोग्राफीच्या नव्हे, कापडाच्या.

मोजणाऱ्याच्या मनात ओढा असला की माप वाकडं येतं, हे शास्त्र आसावरीने फारच मनावर घेतलं होतं. कुत्रं देखणं दिसलं तर त्याचं हृदयही चांगलंच असणार असं आपण धरून चालू, मरतुकडं दिसलं तर उलटं. म्हणून तिने नियमच केला: मोजणाऱ्याने कुत्रं बघायचं नाही. टेबलाच्या मधोमध पडदा. पडद्याच्या एका बाजूला कुत्रं, त्याचं डोकं धरून देवराम आणि तिचे तंत्रज्ञ उत्तमजी. दुसऱ्या बाजूला यंत्र आणि आसावरी. पडद्याखालून तिचा फक्त हात पलीकडे जाई. वजन, वय, नर की मादी, केसांचा रंग आणि एक फोटो ही सगळी नोंद उत्तमजींनी करायची आणि कुत्र्याला क्रमांक द्यायचा. नाव विचारायचं नाही. नावाने माया लागते आणि मायेने आकडा बिघडतो, असं तिने उत्तमजींना बजावलं. उत्तमजी तीस वर्षं नोकरी केलेले गृहस्थ होते. त्यांनी असे पुष्कळ नियम येताना आणि जाताना पाहिले होते. ते 'जी मैडम' म्हणाले.

पडद्याचं कापड देवरामनीच दिलं होतं, काळ्या-लाल बुट्ट्यांचं. झालान्याला आलेल्या पाहुण्यांना आसावरी त्या पडद्याचा फोटो दाखवून निःपक्षपाती मोजमापावर पंधरा मिनिटं बोलत असे. पाहुणे कापड कुठे मिळेल ते विचारत.

दर शनिवारी ती बगरूला जाऊ लागली. काम छान चाललं. गावठी कुत्र्यांचे केस आखूड, ते कापायचीसुद्धा गरज पडत नसे. स्पिरिट आणि जेल पुरे. मोजून झालं की पडद्यापलीकडून देवरामांचा आवाज येई, "ठीक है ना, मैडमजी?" आणि आसावरी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणे, "हाँ, एकदम ठीक."

सगळ्या मापांत तिचा एक आकडा विशेष लाडका होता. दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा किती टक्के आकसतो, तो आकडा. निरोगी कुत्र्यात तो साधारण पंचवीस ते पंचेचाळीसच्या मध्ये कुठेही असतो. ज्याचं त्याचं हृदय. फेब्रुवारीत सात नंबरच्या कुत्रीचा आकडा आला चौतीस. उत्तमजींनी लिहिलं: मादी, चार वर्षं, पिवळसर. एप्रिलमध्ये एकोणीस नंबर, मादी, चार वर्षं, पांढऱ्यावर काळे डाग, आकडा तीस. जूनच्या सुरुवातीला एकतीस नंबर, मादी, चार वर्षं, तांबूस, सव्वीस. तिन्ही निरोगी, तिन्ही मर्यादेत. आसावरीने तिन्ही वेळा 'एकदम ठीक' म्हटलं आणि पुढचं कुत्रं मागवलं.

त्या तिघींच्या आलेखांत तिला एक साम्यही आढळलं. झडपेतून रक्त आत शिरताना लाटेला एक बारीकसा खांदा येई, तिघींच्याही, अगदी त्याच जागी. दुसरी कोणी असती तर तिथे थबकली असती. आसावरी थबकली नाही, तिला सिद्धांत सुचला. संस्थेतल्या जूनच्या बैठकीत तिने तिन्ही लाटा एकाखाली एक लावून दाखवल्या आणि बगरूच्या माद्या एकाच आद्यमातेच्या लेकी असाव्यात, असं मांडलं. टाळ्या पडल्या. राघवला तिने घरी येऊन पुन्हा सगळं ऐकवलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला की अगदी सारख्याच आहेत गं. तिला ती दाद वाटली.

जुलै संपत आला. एकोणचाळीस कुत्री झाली होती. चातुर्मासात बगरूचं छापकाम थंडावतं, कारण कापड वाळत नाही आणि ओल्या हवेत रंग पसरतो. ठसे पुसून ठेवलेले, भट्ट्या विझलेल्या, हौद रिकामे. त्या महिन्यात उत्तमजींच्या कागदांवर लागोपाठ चार कुत्री 'मळकट पांढरी' अशी आली. आसावरीला हे लक्षात आलं, नाही असं नाही. गाडीतून परतताना तिने वहीत नोंद केली: ऋतुमानानुसार केसांच्या रंगात बदल? शेवटी प्रश्नचिन्ह होतं, हीच त्या नोंदीतली एकमेव जमेची बाजू.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी चाळिसावी कुत्री टेबलावर आली. आसावरी खुशीत होती. येताना तिने उत्तमजींसाठी मिठाईचा डबा आणला होता, कलाकंद. तिने पडद्याखालून हात घातला, प्रोब टेकवला आणि स्क्रीनवर जे दिसलं ते तिला आवडलं नाही. डावा कप्पा फुगलेला होता. भिंती कशाबशा हलत होत्या. झडप नीट मिटत नव्हती, दर ठोक्याला रक्ताचा एक झोत उलटा मागे जात होता. आकडा आला सतरा. तिने पुन्हा मोजलं. सतराच.

तिला वाईट वाटलं ते चाळीस अडल्याचं, हे लिहून ठेवायला हवं. अभ्यास निरोगी कुत्र्यांचा होता. आजारी कुत्री धरता येत नव्हती.

"उत्तमजी, ये नहीं चलेगी," ती पडद्याआडून म्हणाली. "बीमार है. दूसरी लाइए."

पलीकडे कोणी हललं नाही. मग देवरामांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "बीमार है?"

"हाँ. दिल कमज़ोर है इसका. काफ़ी."

"मैडमजी, आप इसको चौथी बार देख रही हैं," देवराम म्हणाले. "हर बार आपने कहा, एकदम ठीक."

आसावरीने पडदा बाजूला केला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. टेबलावर एक मळकट पांढरी, हडकुळी कुत्री कुशीवर पडली होती. तिचं डोकं देवरामांच्या तळव्यावर होतं आणि ती तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. तिने आसावरीकडे पाहिलं आणि शेपटीचं टोक दोनदा टेबलावर आपटलं. कुत्री तिला ओळखत होती. हात ओळखत असावी, वासाने.

उत्तमजी म्हणाले, असं होणं शक्यच नाही. त्यांनी मोबाइलवर फोटो उघडून दाखवले. ही पिवळी, ही काळ्या डागांची, ही तांबडी. देवरामनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि बालवाडीतल्या मुलाला समजवावं तसं दोघांना समजवलं. माघ-फागुनात थंडी असते. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड उन्हात पसरलं की ही त्यावर जाऊन झोपते, म्हणून पिवळी. काळी शाई आम्ही जुनं लोखंड गुळात कुजवून करतो, हिला गुळाचा वास सुटत नाही, पिंपाशी लोळते, म्हणून काळे डाग. जेठात ऊन असतं, लाल भट्टीचं पाणी नालीतून वाहतं, त्यात बसून राहते. आता काम बंद आहे, तर ही जशी आहे तशी दिसते आहे. गल्लीतली अर्धी कुत्री अशीच आहेत, मैडमजी. निळ्या हौदाकडे तेवढी जात नाहीत, त्याचा वास त्यांना आवडत नाही.

निळी झाली असती तर उत्तमजींनीही विचारलं असतं. एवढी अक्कल त्या अभ्यासात शिल्लक होती.

"तुम्ही सांगितलं नाहीत कधी," असं आसावरी हिंदीत पुटपुटली. देवराम म्हणाले, तुम्ही विचारलं नाहीत. मग म्हणाले, "फागुन में ये हाँफने लगी थी. तभी तो लाया था." आणि कोणी न विचारता त्यांनी तिचं नाव सांगितलं. चिरमी. आपल्याकडे जिला गुंज म्हणतात, ती लाल बी.

कलाकंदाचा डबा गाडीत तसाच राहिला. झालान्याला पोहोचल्यावर आसावरीने दार लावून घेतलं आणि सात, एकोणीस, एकतीस आणि आजची अशा चारही नोंदी ओळीने उघडल्या. चौतीस, तीस, सव्वीस, सतरा. वेगवेगळ्या कुत्र्यांचे म्हणून जे आकडे निर्धास्त होते, ते एका कुत्रीचे म्हणून वाचले तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही घाम फुटला असता. कप्पा दर दोन महिन्यांनी थोडा मोठा, ठोका थोडा दुबळा. लाटेवरचा तो बारीक खांदा चारही आलेखांत त्याच जागी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण तिने शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती आणि दोनपैकी दोन गुण मिळवले होते. आता उपयोग पूर्ण झाला. हृदय मांडीवर घेऊन ती आद्यमाता शोधत बसली होती.

तिला लाज वाटली. आपण हुशार ठरलो नाही याची लाज तासाभरात ओसरली. ती तिच्या सवयीची होती. पण ती कुत्री दर दोन महिन्यांनी छाती पुढे करून पडली होती आणि आपण तिच्या मरणाची पायरी न् पायरी व्यवस्थित मोजून क्रमांकासह नोंदवली, हे काही केल्या ओसरेना. जुन्या प्रयोगशाळेत कुत्री मरत ती निदान उघडपणे. बरं करणारा डॉक्टर असल्याचं सोंग तरी तिथे कोणी केलं नव्हतं.

तिने पुण्याला कौमुदीला फोन लावला. कौमुदी तिची वर्गमैत्रीण, रोज कुत्र्यांची हृदयं बरी करणारी. आसावरीने बारा वर्षांत औषधाची एक चिठ्ठी लिहिली नव्हती. कौमुदीने आकडे ऐकून घेतले, गोळ्या सांगितल्या, एक ठोका बळकट करणारी आणि एक छातीतलं पाणी उतरवणारी, दिवसातून दोनदा. मग तिने विचारलं की तुझ्याकडे जूनचाही आकडा आहे, तर जूनमध्ये फोन का नाही केलास. तेव्हा सुरू केलं असतं तर बराच काळ हाताशी होता. आसावरीने खरं कारण सांगितलं. कौमुदी हसेल असं तिला वाटलं होतं. कौमुदी हसली नाही. घरी राघवही हसला नाही. लग्नापासून जो माणूस तिच्या प्रतिज्ञेवरून तिला चिडवत आला होता, त्याने निमूटपणे तिच्यासमोर चहा ठेवला, आणि मग मात्र तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही ती गोळ्या घेऊन बगरूला गेली. देवरामांना सगळं समजावलं. गोळी रोटीच्या तुकड्यात लपवून द्यायची, पाणी पुरेसं ठेवायचं, चिरमीला हातगाडीमागे धावू द्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती गाढ झोपली की घड्याळ लावून एका मिनिटातले श्वास मोजायचे. तिशीच्या वर गेले की फोन करायचा. देवरामनी मान हलवली. आयुष्यभर कापडावर ठसे मोजत आलेला माणूस, त्यांना मोजण्यात काही नवल वाटलं नाही. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला त्यांचा फोन येऊ लागला. ते 'राम राम' म्हणत, आकडा सांगत आणि फोन ठेवत. तिने तिशीच्या वरचंच कळवायला सांगितलं होतं, पण ते रोजचंच कळवत. अठ्ठावीस. सत्तावीस. एकतीस आला त्या संध्याकाळी कौमुदीला विचारून अर्धी गोळी वाढवली. मग पुन्हा अठ्ठावीस.

अभ्यासाचा निकाल लावायला उत्तमजी, आसावरी आणि देवराम एका दुपारी ओसरीवर बसले आणि छापून आणलेले एकोणचाळीस फोटो पसरले. देवराम पत्ते लावावेत तसे ते जुळवत गेले. हा आणि हा एकच, कानाची खाच बघा. ही हीच. हा वेगळा, याचा भाऊ. दोन तासांनी एकोणचाळीस कुत्र्यांची सत्तावीस झाली. एक काळा कुत्रा तर पाच वेळा मोजला गेला होता. तो बिस्किटासाठी येत होता.

माथुर मॅडमसमोर ती हे सगळं घेऊन गेली. आदल्या रात्री, खोटं कशाला, तिच्या मनात येऊन गेलं होतं की गोष्ट तिघांतच आहे, उत्तमजी बोलणार नाहीत आणि देवरामांना कोण विचारणार. येऊन गेलं आणि पाच मिनिटं बसूनही राहिलं. पण सकाळी मॅडमच्या टेबलावर तिने सत्तावीसचा आकडा ठेवला, आद्यमातेचा सिद्धांत मागे घेतला आणि चिरमीचे चार आलेख दाखवले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. चाळीस पूर्ण करायला डिसेंबरपर्यंत मुदत दिली, पुढच्या प्रयोगांबद्दल आता काही आश्वासन देता येणार नाही म्हणाल्या, आणि आसावरी दाराशी पोहोचल्यावर एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, पहले वो परदा हटाइए." पडदा तिने आधीच काढला होता. तरीही तिने हो म्हटलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ती यंत्र घेऊन बगरूला गेली, फक्त चिरमीसाठी. अभ्यासात आता चिरमीला जागा नव्हती. हा आकडा लिहायला कुठल्याच तक्त्यात रकाना नव्हता. चिरमी टेबलावर आपणहून कुशीवर झाली. तिच्या उजव्या डोळ्याखाली कातडीवर तपकिरी ठिपका आहे आणि एक मिशी आखूड आहे, हे आसावरीने तेव्हा पाहिलं. मोजलं. वीस आला. फुगलेला कप्पा फुगलेलाच होता, पण उलटा झोत जरा बारीक झाला होता.

"ठीक है ना, मैडमजी?" देवरामनी विचारलं. सवयीने विचारलं की मुद्दाम, तिला कळलं नाही.

"नहीं," आसावरी म्हणाली. "ठीक नहीं है, देवरामजी. पिछली बार से थोड़ा अच्छा है. पर ये ठीक नहीं होगी."

देवरामनी किती दिवस, असं विचारलं. तिने सांगितलं की माहीत नाही, एखादं वर्ष काढेल, कदाचित दिवाळीही दिसणार नाही.  चिरमीला त्यांनी टेबलावरून उचलून ओसरीच्या कोपऱ्यातल्या गोणपाटावर ठेवलं. ती दोनदा गोल फिरली, बसली आणि थोड्या वेळाने झोपली. दोघं तिच्या शेजारी जमिनीवर बसली. देवरामांचं घड्याळ दोघांच्या मध्ये होतं.

आसावरीला माफी मागायची होती. सहा आठवडे ती शब्द जुळवत होती आणि मिरजेची मराठी हिंदीत उतरवताना प्रत्येक वेळी ते भाषण होत होतं. शेवटी ती भाषणाशिवाय म्हणाली की मी तुमच्या कुत्रीला बरं करायला येत नव्हते. मी माझ्या कामासाठी मापं घेत होते. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही समजलात तसं मी समजू दिलं, कारण त्यामुळे कुत्री मिळत होती.

देवराम चिरमीच्या बरगड्यांकडे बघत होते. ते रागावलेले दिसत नव्हते.

"बता देतीं, तो भी मैं लाता," ते म्हणाले. "आपके काम के लिए भी लाता. बस, किसी और को भी दिखा देता."

 चिरमीची बरगडी वर झाली, खाली गेली. आसावरीने घड्याळाचा काटा बाराशी यायची वाट पाहिली आणि एकपासून मोजायला लागली.